उरलेल्या ढोलाचा प्रश्न

गेल्या फाल्गुनात सावद्यास जाण्याचा प्रसंग आला. माझ्या धाकट्या चुलत्यांचे राहते घर पाडून तेथे नवे बांधावयाचे ठरले होते, आणि आखाजीच्या आत ते रिकामे करून द्यावयाचे होते. भांडीकुंडी, धान्याच्या कोठ्या, कपाटे, पितळी समया ह्यांची वाटणी दोन दिवसांत कसलाही बोभाटा न होता पार पडली. हे मी मुद्दाम नमूद करतो. कारण एका समईवरून भावाभावांचे बोलणे बंद झाल्याची उदाहरणे वाचकांच्या परिचयाची असतीलच. आमचे गाडे अडले ते माडीवर ठेवलेल्या एका वस्तूपाशी. ती एक वस्तू मानावी की अनेक, हाच मुळी वादाचा मुद्दा होता.

ती वस्तू म्हणजे काकांचा ड्रमसेट. काका तरुणपणी सावद्याच्या लग्नाच्या बँडात साइड ड्रम वाजवीत. 1958 साली ते मुंबईस गेले. प्रथम उपाहारगृहांतील वाद्यवृंदांत, आणि पुढे अधूनमधून चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणात मागल्या रांगेत त्यांस जागा मिळू लागली. त्या काळी तेथील पाश्चात्य वाद्यांचा बहुतेक कारभार गोमंतकीय ख्रिस्ती आणि पारशी वादकांच्या हाती होता. चिक चॉकलेट, सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस ही नावे जुन्या हिंदी चित्रपटगीतांच्या चाहत्यांस ठाऊक आहेत. तालवाद्यांत कावस लॉर्ड आणि त्यांचे केरसी व बुजी हे दोन पुत्र ह्यांचा दबदबा होता. अशा मेळ्यात केळीच्या बागांतून आलेल्या एका मुलाने शिरकाव करून घेतला ह्याचे आमच्या घरात कोणास कौतुक वाटले नाही. ढोल बडवावयाचा तर मुंबईस कशाला जावयास हवे, हा माझ्या आजोबांचा अभिप्राय अखेरपर्यंत कायम होता.

संच प्रीमियर ह्या विलायती कंपनीचा. ही कंपनी लंडनात 1922 साली निघाली. काकांनी तो धोबीतलावाकडच्या एका वादकाकडून जुनाच विकत घेतला होता. पायाने वाजवावयाचा मोठा बेस ड्रम, दोन गुडघ्यांच्या मध्ये येणारा स्नेअर, बेस ड्रमवर बसविलेला लहान टॉमटॉम आणि तीन पायांवर उभा राहणारा मोठा टॉमटॉम असे चार ढोल. शिवाय झांजा, पेडल आणि घडीचे स्टूल. ऐंशीच्या दशकात विजेवर चालणारी तालयंत्रे व सिंथेसायझर ध्वनिमुद्रणगृहांत शिरली आणि काकांसारख्यांचे काम हळूहळू आटले. 1988 साली हा सारा पसारा घेऊन ते सावदा स्टेशनावर उतरले. 2012 साली ते गेले, आणि तेव्हापासून संच जुन्या सतरंजीखाली झाकलेला होता.

1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे काकू, दोन मुलगे व एक मुलगी असे चार समान हिस्सेदार होतात. ढोलही चारच. थोरल्या चुलतभावाने ही गोष्ट प्रथम थट्टेने काढली. पण पुण्याहून एक संग्राहक गृहस्थ येऊन पोहोचले तेव्हा त्या थट्टेस निराळाच रंग चढला. त्यांना हवा होता तो एकटा स्नेअर आणि एक झांज. साऱ्या संचाची जी किंमत एरवी कोणी दिली असती तिच्या निम्म्याहून अधिक ते ह्या दोन वस्तूंस द्यावयास तयार होते. ह्यात नवल नाही. स्नेअरच्या खालच्या पडद्याला तारा ताणलेल्या असतात. त्यांच्या खरखरीवर वादकाची ओळख ठरते, आणि म्हणून कित्येक वादक दुसऱ्याच्या संचावर बसले तरी स्नेअर तेवढा आपला घेऊन जातात. बाकीचे ढोल भाड्याचे चालतात.

गृहस्थ जाणते होते. त्यांनी मोठ्या टॉमटॉमवरून हात फिरविला, पेच पाहिले, आत विजेरी धरली, आणि हा ढोल मूळच्या संचातला नाही असा निर्णय दिला. रंग जुळवून घेतलेला होता इतकेच. मग त्यांनी स्नेअरचा वरचा पडदा उतरविला. आतल्या लाकडावर पेन्सिलीने तारखांची एक ओळ लिहिलेली होती. पडदे बदलल्याच्या त्या तारखा. शेवटची होती जून 1996. त्या तारखेकडे मी पुन्हा येणार आहे.

'मुळात जे एक नव्हते त्याचे दोन केल्याने कोणते पाप लागते?' थोरल्याचा हा प्रश्न बिनतोड वाटला. धाकट्याचे म्हणणे असे की, बाबा ह्यावर बसत, म्हणून हे एक आहे. पेच कोणत्या कारखान्याचे हे आम्हांस काय करावयाचे? बहिणीस संच एकत्र राहावा असे वाटे, मात्र तिच्या नाशिकच्या घरात तो ठेवावयास जागा नव्हती. आणि मग तिघांनी माझ्याकडे पाहिले. महाविद्यालयात तीस वर्षे तत्त्वज्ञान शिकविणाऱ्या माणसाचा घरच्या कामी उपयोग होण्याची ही बहुधा पहिलीच वेळ असावी.

वस्तुतः हा प्रश्न आपल्याकडे फार जुना आहे. नैयायिक म्हणतात, तंतूंपासून पट विणला जातो तेव्हा तंतूंहून निराळी अशी एक नवी वस्तू जन्मास येते; तिला ते अवयवी म्हणतात. बौद्धांस हे मान्य नाही. त्यांच्या मते भागांच्या पुंजालाच आपण सोयीसाठी एक नाव देत असतो. भिक्षू नागसेनाने मिलिंद राजाला चाक, आस, जू असे रथाचे एकेक अंग दाखवून ह्यांत रथ कोणता म्हणून विचारले, आणि रथ हे व्यवहारातले केवळ एक नाव आहे असे राजाच्या तोंडून वदवून घेतले, ही कथा पुष्कळांनी वाचली असेल. ह्यावर न्यायसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात अवयवी ओळखण्याची एक साधी खूण दिली आहे ती मला नेहमीच आवडत आली आहे: एक भाग धरला किंवा ओढला की सगळे धरले जाते, सगळे ओढले जाते. धोतराचा सोगा ओढा, धोतर येते. रेतीच्या ढिगातले मूठभर कण उचला, ढीग जागीच राहतो.

ही कसोटी मी मनातल्या मनात माडीवर लावून पाहिली. स्नेअर उचलला तर बेस ड्रम जागचा हलत नाही. म्हणजे संच हा पट नव्हे. त्याच अध्यायात प्रतिपक्ष्याच्या तोंडी सेना आणि वन ह्यांचा दाखला आहे. दुरून पाहणाऱ्यास सेना एक दिसते. जवळ जावे तो हत्ती निराळा, घोडा निराळा, पायदळ निराळे. ड्रमसेट ह्या जातीचा आहे. पण सेना हा शब्द उच्चारताच मला असे वाटू लागले की, आपण थोरल्याच्या बाजूने निकाल देण्याची घाई करीत आहोत. सेनेला एकपण नसते असे कोण म्हणेल? ते हत्तीघोड्यांत नसते, ज्याच्या आज्ञेने हत्ती आणि घोडे एका वेळी एका दिशेस वळतात त्याच्यात असते. काकांचे दोन हात व दोन पाय चार निरनिराळी कामे करीत आणि कानास एकच ताल ऐकू येई. मोठा टॉमटॉम कोठून आला ह्याने त्या एकपणात कसलाही उणेपणा येत नव्हता.

अस्सल मूळ संच नावाची चीज इतिहासात शोधू गेले तरी हाच अनुभव येतो. पूर्वी पाश्चात्य बँडात बेस ड्रम एक माणूस वाजवी, स्नेअर दुसरा, झांजा तिसरा. नाट्यगृहांत जागा अपुरी आणि मालकांचा हात आखडता. तेव्हा तिघांचे काम एकाने करण्याच्या युक्त्या निघू लागल्या. अमेरिकेत विल्यम लुडविग ह्याने 1909 साली पायाने वाजविण्याच्या पेडलाचे पेटंट घेतले आणि ही युक्ती पक्की झाली. झांजांची कारागिरी इस्तंबूलची. तेथील झिल्जियन ह्या आर्मेनियन घराण्याचा धंदा 1623 पासूनचा, आणि तो अमेरिकेत गेला 1929 साली. पहिले टॉमटॉम चिनी बनावटीचे, खिळ्यांनी कातडे ठोकलेले. लष्करातून दोन, तुर्कस्तानातून एक, चीनमधून एक असे हे कुटुंब जमले आहे. आणि वारसाहक्काच्या वादात आपण त्याचे कुळ शुद्ध आहे की नाही हे पाहावयास बसलो आहोत! आपल्याकडे डग्गा-तबल्यास जोडी म्हणतात, पण स्वर बदलावयाचा झाला की वादक डग्गा तोच ठेवून तबला तेवढा दुसरा घेतो, आणि जोडी मोडली अशी तक्रार कोणी करीत नाही.

तेव्हा मूळचेपणाचा मुद्दा मी बाद ठरविला. ह्याने थोरल्याचा युक्तिवाद लंगडा पडला खरा, पण धाकट्याचाही सिद्ध झाला नाही. कारण संचाचे एकपण जर वादकात होते, तर वादक गेल्यावर ते कोठे राहिले? सेनापती पडल्यावर हत्तींनी आणि घोड्यांनी एकत्र उभे राहावे असे त्यांच्यावर बंधन आहे काय?

धर्मशास्त्र व कायदा ह्यांनीही वाटणीच्या प्रश्नावर पुष्कळ डोके शिणविले आहे. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात वस्त्रे, वाहन, अलंकार, शिजविलेले अन्न, पाणी ह्यांची वाटणी करू नये असे सांगितले आहे. शेळ्यामेंढ्या विषम संख्येने उरल्या तर उरलेली वाटू नये, ती थोरल्याची, अशीही तेथे आज्ञा आहे. मेंढीचे दोन भाग केल्यास मेंढी उरत नाही हे कोणासही कळते. इंग्रजी अमदानीत 1893 च्या कायद्याने निराळी वाट काढली: तुकडे सोयीने पडत नसतील तर न्यायालयाने मालमत्ता विकावी व पैसे वाटावेत. पैसा हा असा पदार्थ आहे की त्याची कितीही शकले केली तरी प्रत्येक शकल पैसाच राहते. पण 1947 साली मुंबई सरकारने तुकडेबंदीचा कायदा केला, तेव्हा त्यामागची दृष्टी ह्याहून सखोल होती असे मला वाटते. शेताचा जो तुकडा कसून परवडत नाही असा तुकडा पाडूच नये, असे तो कायदा म्हणतो. प्रत्येकास किती मिळाले एवढेच त्याने पाहिले नाही. जे तुकडे पडतील त्यांचे पुढे काय होईल हेही पाहिले. (सावद्याच्या लोकांस जमिनीवरील साखळीचे वावडे जुनेच. 1852 साली सरकारी मोजणीविरुद्ध येथे दहा ते पंधरा हजारांचा जमाव जमला होता, आणि लष्कराची तुकडी आणून म्होरक्यांस पकडावे लागले होते.)

माझा स्वतःचा कल प्रथमपासून संच जपून ठेवण्याकडे होता. खानदेशातच त्याचे उत्तम उदाहरण आहे. 1926 च्या अखेरीस धुळ्यास इतिहासाचार्य राजवाडे निवर्तले; पुढल्याच वर्षी तेथे त्यांच्या नावाने संशोधन मंडळ स्थापन झाले आणि त्यांनी दारोदार हिंडून जमविलेली कागदपत्रे एका छपराखाली राहिली. दप्तरातल्या रुमालातून एखादे देखणे पत्र काढून घेतले तर ते कोणत्या पत्राचे उत्तर होते हे कळत नाही, आणि मागे राहिलेली पत्रे अर्धवट संभाषणासारखी होतात. पुण्यास दिनकर केळकर ह्यांनी आयुष्यभर वस्तू जमविल्या, बालपणीच गेलेल्या आपल्या मुलाचे, राजाचे, नाव त्या संग्रहास दिले. त्यात वाद्यांचेही दालन आहे. तथापि केळकरांच्या संग्रहातच कोथरूडहून उचलून आणून पुन्हा उभा केलेला मस्तानी महाल आहे, ही गोष्ट माझ्यासारख्या जपणुकीच्या पुरस्कर्त्याने विसरू नये. त्यांनी तो त्याच्या जागेवरून तोडला म्हणूनच तो राहिला.

शिवाय दप्तराचा दाखला येथे पुरता लागू पडत नाही. पुराव्यापुरतेच पाहावयाचे तर मी एका दुपारी संचातील प्रत्येक ढोलाची मापे घेतली, आकडे उतरवून घेतले, पेन्सिलीच्या तारखांची छायाचित्रे काढली. पुराव्याचे काम झाले. ढोल हे कागद नव्हेत. त्यांत जे वाचावयाचे ते काठीने वाचावयाचे असते.

आणि आता त्या जून 1996 बद्दल. त्या उन्हाळ्यात मी नुकताच अध्यापक म्हणून कायम झालो होतो व सुट्टीत सावद्यास आलो होतो. काकांनी मला माडीवर नेऊन विचारले, 'तुझ्या कॉलेजात नेतोस का हे? पोरं वाजवतील.' मी म्हणालो, 'काका, पोरं तोडून टाकतील. इथेच सुरक्षित आहे.' मला ते उत्तर त्या वेळी शहाणपणाचे, किंबहुना त्यांच्या वस्तूविषयी आदराचे वाटले होते. त्यांनी पुन्हा विषय काढला नाही. पडदे त्याच महिन्यात नवे घातलेले होते हे मला स्नेअर उघडला त्या दिवशी कळले. माझा होकार गृहीत धरून त्यांनी तयारी करून ठेवली होती. त्यानंतरच्या सोळा वर्षांत त्या ओळीत एकाही तारखेची भर पडली नाही.

माडीवर वैशाखात काय उकाडा असतो हे जळगाव जिल्ह्यात राहिलेल्यांस सांगावयास नको. पारा पंचेचाळीसच्या वर जातो. बेस ड्रमच्या लाकडाचे पदर एका जागी सुटू लागले होते, कड्यांवर गंज चढला होता, सतरंजीत उंदरांनी घर केले होते. मी ज्याला जपणे म्हणत होतो ते नुसते ठेवणे होते. नुसते ठेवलेल्या वस्तूची वाटणी ऊन आणि उंदीर करतात, आणि तीस कोणाची संमती लागत नाही.

संग्राहक गृहस्थ स्नेअर कापडात गुंडाळू लागले होते. थोरल्याने मान डोलावली होती, धाकटा खिडकीकडे तोंड करून उभा होता. जिन्याच्या वरच्या पायरीवर काकू बसल्या होत्या. दोन दिवसांत त्यांना कोणी काही विचारले नव्हते. तशी आमच्याकडची रीतच आहे, चौथा हिस्सा त्यांचा असला तरी. त्यांनी बेस ड्रमकडे बोट केले आणि म्हणाल्या, 'आणि तो मोठा कोण नेईल?'

कोणीच बोलले नाही. तो मोठा कोणी नेणार नव्हता. स्नेअर गेल्यावर उरलेल्या तीन ढोलांचा संच होत नाही. ते भंगारवाल्याकडे जाणार, किंवा घर पाडताना मातीखाली, हे आम्हां सर्वांस ठाऊक होते आणि आम्ही ते एकमेकांस सांगितले नव्हते.

मला वाटते, इतका वेळ आम्ही विचारीत होतो तो प्रश्नच थोडा वाकडा होता. एकत्र ठेवावे की फोडावे, ह्याचे उत्तर वस्तूच्या स्वरूपात सापडत नाही; अवयवी मानला काय आणि पुंज मानला काय. फोडण्यात मुळात पाप नाही. आंब्याची कलमे फोडूनच वाढतात. अन्याय होतो तो उरलेल्यावर: ज्याच्या अंगी मोल आहे ते कोणी उचलतो, आणि ज्याचे मोल त्याच्या सोबतीने होते ते मागे राहते. उचलणाऱ्याने स्नेअरची पुरेपूर किंमत दिली तरी बेस ड्रमपासून जे हिरावले गेले त्याची किंमत त्या व्यवहारात कोठेच मांडलेली नसते. एकत्र कुटुंबांच्या वाटण्यांतही खरा तंटा शेतांवरून झाला तरी खरी हानी तेथेच होते. मुलगे आपापले हिस्से घेऊन शहरास जातात. म्हातारी, आंधळी आत्या आणि विहिरीची पाळी कोणाच्या वाट्यास, हे शेवटी, जोडे घालता घालता विचारले जाते. मिताक्षरेने मुलांच्या वाटणीत आईस हिस्सा ठेवला तो ह्याच काळजीपोटी ठेवला असावा. पण हिस्सा देणे निराळे, आणि नेणे निराळे.

हे मी थोरल्यास बोलून दाखविले. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि उत्तर दिले की, तुझा ह्यात पैचाही हिस्सा नाही, मला मुलीची फी भरावयाची आहे. ह्यावर माझ्यापाशी उत्तर नव्हते, आजही नाही. दुसऱ्याच्या खिशातून नीतिमत्ता सांगणे हा आमच्या धंद्याचा जुना दोष आहे.

तोड निघाली ती तत्त्वज्ञानातून निघाली नाही. गावातल्या ज्या बँडात काका सुरुवातीस होते त्याची तिसरी पिढी आता गाडीवर ध्वनिक्षेपक लादून वराती गाजविते. त्या मालकास सबंध संच हवा होता. पैसे थोडे, तेही दोन हप्त्यांत. धाकटा चिडला. धूळ, ऊन, गाडीचे हेलकावे. दोन लग्नसराईंत त्याच्या चिंध्या होतील, असे तो म्हणाला, आणि तो खोटे बोलत नव्हता. पुण्याच्या कपाटात तो स्नेअर आणखी शंभर वर्षे राहिला असता. पण 1996 साली मी ह्याच शब्दांनी नकार दिला होता, आणि तेच शब्द दुसऱ्याच्या तोंडून ऐकवेनात. मी बँडाच्या बाजूने बोललो. काकूंनी नुसते 'वाजेल तरी' म्हटले. बँडापाशी झांजा होत्या; म्हणून ती एक जुनी झांज तेवढी संग्राहकांस दिली. तिच्यावाचून मागे काही लंगडे पडत नव्हते, आणि तिचे पैसे काकू, धाकटा व बहीण ह्यांनी आपण होऊन थोरल्यास दिले. त्याचे समाधान झाले असे मी म्हणणार नाही. त्याने हरकत घेतली नाही.

संच न्यावयास बँडवाल्याचा मुलगा आला. वय असेल पंधरा-सोळा. अंगणात सगळे मांडून झाल्यावर पेडलाची चामडी पट्टी वाळून तुटलेली आढळली. बाजारातल्या चांभाराने जुन्या पट्ट्याचे चामडे कापून दुसरी लावून दिली. एक भोक चुकले म्हणून पुन्हा जावे लागले. मुलगा स्टुलावर बसला तेव्हा त्याचा पाय पेडलास पुरता पोहोचेना. काकांची उंची बरीच होती आणि स्टुलाचा पेच गंजून जाम झाला होता. काकू आत गेल्या आणि तेलाची वाटी घेऊन आल्या.